गालाआधी वाजणारी पाठ

सन्माननीय अध्यक्ष लटारूभाऊ, आशाबाईंच्या पाठीचं ऑपरेशन करणाऱ्या आणि आज खास चंद्रपूरहून आलेल्या डॉक्टर नूतन रामटेके मॅडम, आमच्या नाटक कंपनीतले कलावंत, वादक, पडदेवाले आणि ब्रह्मपुरीच्या रसिक मायबापहो,

सगळ्यांना नमस्कार. कंपनीचा मालक म्हणून दोन शब्द बोलायला उभा आहे, पण खरं सांगतो, मान वर होत नाही.

आशाबाई म्हणजे आमच्या नाटकांतली आई. शेवटच्या अंकात त्या खलनायकाच्या कानशिलात लगावतात. तो मार खाणारा खलनायक मीच. मागच्या दोन हंगामांत काय व्हायला लागलं, हे तुम्ही ऐकलंच आहे. बाईंनी हात उचलला की माझा गाल वाजायच्या आधी त्यांची पाठ वाजायची. माईक तो आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. लोक हसायचे, आणि बाई डोळ्यांतलं पाणी आईच्या भूमिकेत खपवून न्यायच्या.

मॅडमनी सांगितलं, खांद्याचं पातं बरगड्यांवर घासतं आहे, मधली मऊ पिशवी सुजली आहे. आधी व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं. भागलं नाही, तेव्हा पाठीला दोन बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत ती पिशवी काढली आणि हाडाचा टोचणारा कोपरा घासला. आम्ही काय समजलो? पाठीचं ऑपरेशन, म्हणजे बाई संपल्या. त्या दवाखान्यात असतानाच नागपूरच्या एका बाईंशी बोलणी केली आणि आजचा हा निरोप समारंभ ठरवून टाकला.

पण आशाबाईंना सांगायचं कोणी? मी बिरजूला म्हटलं, तू सांग. तबला वाजवतो तो आमचा बिरजू. त्यानं पेटीवाल्यावर ढकललं. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. निरोप फक्त एवढाच गेला की गुरुवारी हॉलवर या. बाईंना वाटलं, तालीम आहे. त्या तोंडाला लावायच्या रंगाचा डबा घेऊन आल्या. तो बघा, खुर्चीखाली आहे. दारावरचा निरोप समारंभाचा बॅनर वाचून त्यांनी मला विचारलं, "भाऊ, मी कुठी जाऊन राह्यली का?"

अध्यक्ष महाराज, मी म्हटलं, "चहा घ्या." सांगायलाही लाज वाटते.

"चहा नाई पायजे," त्या म्हणाल्या, आणि तिथंच दारात हात कानाच्या वर नेला. मी कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही.

म्हणून बाईंच्या निरोपासाठी आणलेली ही शाल मी मॅडमना देतो, त्यांचा तिच्यावर खरा हक्क आहे. नागपूरच्या बाईंना उद्या मी स्वतः फोन करून माफी मागीन, बिरजूवर ढकलणार नाही. मॅडमनी परवानगी दिली आहे, तेव्हा बाईंचं मन असेल तर दिवाळीनंतर आईची भूमिका त्याच करतील.

आलात, ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आशाबाई, तुम्ही मात्र घालू नका. पहिल्या प्रयोगाला मी गाल पुढे करून उभा राहीन, तेव्हा हात राखू नका.