बिनखिळ्याचा चष्मा

पालघरच्या चष्म्याच्या दुकानात नागोराव बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघत होता. तारापूरच्या बांधकामावर लागल्यापासून खाऱ्या हवेत त्याची पितळी फ्रेम हिरवी पडून नाकावर डाग उमटला होता. शेजारी सातपाटीची मैनाबाई दुकानदाराशी हुज्जत घालत होती.

"शेट, यात बी लोखंड हाय."

"मावशी, सगळी प्लास्टिकची आहे. फक्त बिजागऱ्या तेवढ्या..."

"मागच्याला बी तेवढ्याच होत्या. चार महिन्यांत गंजून दांड्या गळल्या. आमचा म्हातारा दिसभर ओली जाळी शिवत बसतो. चष्म्याबिगर त्याला जाळ्याचं भोक दिसत नाय, नि भोक राहिलं का मासा गेला."

"बिनधातूची फ्रेम मुंबईतसुद्धा मिळायची नाही."

"नको मिळू दे. तू त्या बिजागऱ्या उपट."

"मग दांड्या राहतील कशावर?"

"उपट तर!"

पकडीने बिजागऱ्या निघाल्या, तिथे बारीक भोकं उरली. मैनाबाईने कमरेच्या पिशवीतून जाळ्याचा नायलॉनचा दोरा काढला, भोकांतून ओवला आणि दोन्हीकडे जाळ्याची गाठ मारली.

"ओढ आता."

"अरेच्चा! घट्ट बसली की. मिटतेसुद्धा! पण मावशी, दोरा तुटला तर? चष्म्याशिवाय म्हातारबुवा गाठ मारणार कशी?"

"जाळ्याचं भोक शोधायला डोळं लागतात, शेट. गाठ हातच मारतात."

नागोरावाने काउंटरवरची दुसरी प्लास्टिकची फ्रेम स्वतःसाठी उचलली आणि मैनाबाईच्या मांडीवर ठेवली.