पलीकडच्या काठावर वळताना

हट्ट काय असतो ते मला विचारा. पारनेरजवळच्या एका धरणावर मी काइटसर्फिंग शिकत होते. मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाणी कापायचं, असा तो खेळ.

शिकवणारा माझा मित्र सलीम म्हणाला, "दोन्ही टोकं सारखी असलेली फळी घे. परत येताना ती वळवावीच लागत नाही."

मी सर्फबोर्डच घेतला. त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, परतताना फिरवावं लागतं, पायही बदलावे लागतात. रोज पलीकडच्या काठाशी मी पडायचे आणि सगळं उचलून काठानं चालत परतायचे. पंधरा दिवस झाले, तरी बोर्ड बदलला नाही.

तिथं कांद्याला पाणी देणारे एक काका शेवटी म्हणाले, "ताई, तुमी पाय लई लवकर उचलताय. औत वळवताना आधी बैल वळू द्यायचे, मंग आपला पाय."

दुसऱ्या दिवशी आधी नाक पूर्ण वळू दिलं, मग पाय बदलले. पहिल्यांदाच न पडता परत निघाले.

मागून काकांची हाक आली, "आवो ताई, तुमचा चहा टाकलाय की."

मग काय, पुन्हा वळले.