गाळलेला वॉल्ट्झ

पनवेल स्टेशनबाहेर सुकापूरच्या शेअर रिक्षासाठी रांगेत उभा होतो. पुढे एक जोडपं होतं. त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, तिच्या हातात नाचाचे बूट.

“टँगोच्या अख्ख्या कार्यक्रमात वॉल्ट्झचा एकही सेट नाही? सगळे मला विचारत होते, निनाद.”

“वेळ नव्हता, इरा.”

“खोटं बोलू नकोस. त्या रडक्या गाण्यांचे दोन सेट लागोपाठ लावायला बरा वेळ होता.”

“हो, मुद्दाम गाळला. एकदा नाचायला उभं राहिलं की सेट संपेपर्यंत जोडीदार सोडायचा नाही, असा नियम आहे. आणि वॉल्ट्झ लावून मी मान वर करतो, तर तू दर वेळी विश्वजीतबरोबर. मीच गाणी निवडायची आणि मीच ते बघत बसायचं?”

“वॉल्ट्झ सुरू झाला की मी आधी कुणाकडे बघते, सांग.”

“ते आत्ता कशाला?”

“तुझ्याकडे. पहिलं गाणं अर्धं होईपर्यंत. तुझं डोकं लॅपटॉपमध्ये, पुढच्या सेटची जुळवाजुळव चाललेली. विश्वजीत निदान बघतो.”

“मग हाक मारायची ना मला!”

“तोंडानं विचारायचं नाही, नुसतं नजरेनं विचारायचं, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला कोण शिकवतं? तूच ना?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. त्यांना तरी ऐकू येतंय.”

“सुकापूर, सुकापूर! एकच सीट हाय, कोन येतंय?”

“मी,” म्हणत इरा रिक्षात बसली.