डावीकडचं झाड

कापू? डावीकडून आठ इंच, झाडासकट? — थांबा साहेब, आधी त्या स्टुलावर बसा, काचेपासून जरा लांब. काय म्हणालात, टीव्ही आणि एसीच्या मध्ये तेवढीच भिंत आहे, आणि तसंही बुंध्यावर लाल डाग पडलाय, गेलं तर बरंच? वा राव! सत्तावीस वर्षं हे चित्र या दुकानात टांगलंय, अर्ध्या पिंपळे सौदागरच्या फ्रेमा मी बनवल्या, पण असं माप कुणी सांगितलं नव्हतं. बरं, झाड कसलं आहे, सांगा बघू? वड? नाही. चिंच? छ्या! तुमचा नवा फ्लॅट आहे त्या पुनावळ्यात असलं झाड कुणाच्या बापानं पाहिलं नाही. इटलीचं आहे ते.

म्हणजे पुस्तकातलं. आर्ट कॉलेजात आमचे हरिहर सर सांगायचे — युरोपात आधी निसर्ग म्हणजे नुसता मागचा पडदा, पुढं मेरी, येशू, संतबिंत. मग हळूहळू पुढची माणसं बारीक होत गेली, डोंगर-आभाळ मोठं झालं, आणि शेवटी काही चित्रांत तर माणूस उरलाच नाही. तुमच्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये बघा, तसंच. आणि कडेला एक काळपट झाड उभं करायचं — का? तर बघणाऱ्याची नजर बाहेर जाऊ नये, आत वळावी. नियम! मी पुनावळ्यातनं सायकल हाणत जाणारा, मला वाटायचं, हे नियम आले की आपण जिंकलो. हसू नका, खरंच वाटायचं.

शेवटच्या वर्षाला पुनावळ्यातल्या आमच्या शिवाराचं चित्र काढलं. हेच. मागं टेकडी, पुढं ज्वारी, मधून पाणंद. तुमच्या सोसायटीच्या गेटाशी कारंजं आहे ना? तीच ती पाणंद. आणि डावीकडं आई होती. व्हय, माझी आई, यशोदाबाई. लाल लुगडं, डोक्यावर पाटी. तीन सकाळी उभी राहिली, कामंधामं सोडून, जरा म्हणून हलली नाही. पण बघत होती चित्राच्या बाहेर — तिकडं आमची म्हस चरत होती, दुसऱ्याच्या रानात घुसंल म्हणून. सर म्हणाले, कडेचं माणूस बाहेर बघतंय, नजर बाहेर ओढतंय, कंपोझिशन बिघडतंय. काढ तिला, तिथं झाड टाक. मी काय केलं? टाकलं की! एका दुपारी, तिच्या अंगावरच. पहिलं बक्षीस मिळालं.

प्रदर्शनाला तिला घेऊन गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. चित्रासमोर उभी राहिली, लई वेळ, खालपासून वरपर्यंत बघत. मग म्हणाली, "ज्योत्या, मी कुठाय रं?" मी आपला शहाणा — आई, तू बाहेर बघत होतीस, ते चुकतं. तर म्हणती, "मग म्हशीकडं कुणी बघायचं हुतं?" आजूबाजूचे हसले. मी पण हसलो साहेब. तिच्या तोंडावर, त्या लोकांत उभा राहून हसलो. लाज वाटत होती मला तिची, दुसरं काय! त्यानंतर ती माझ्या कुठल्याच चित्रासमोर उभी राहिली नाही, आणि मी पण पुन्हा कधी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आली असती. आता तिला जाऊन बारा वर्षं झाली. रेशनकार्डावर एक फोटो आहे, त्यात ती दुसरीच कुणी बाई वाटते.

तेलरंगाचं कसं असतं — जुना झाला की वरचा थर पातळ पडतो, खालचं वर दिसायला लागतं. चार वर्षांपूर्वी मलाही डागच वाटला, बोळा घेऊन पुसायला गेलो होतो. मग हात थांबला. डाग नाही तो, साहेब. लुगडं आहे. अजून दहा-पंधरा वर्षांत पाटी दिसंल, तोंड दिसंल, मी तोवर असंन-नसंन —

नाही, किमतीचा प्रश्नच नाही. खिशात ठेवा ते. विकायचं न्हाई म्हणलं ना! टेप पण ठेवा खाली. त्या कोपऱ्यात छापील स्वित्झर्लंडचा गठ्ठा आहे, तळं, बर्फ, सगळं आहे. त्यातलं एक काढा, पाहिजे तिथून कापून देतो. त्यात कुणी उभं नाही.