पाखरांसाठी हलगी

कुपवाडजवळच्या तळ्याकाठचं पक्षी-उद्यान आज सगळ्यांसाठी खुलं झालं. ते उद्घाटन उरकून संस्थेच्या चिटणीस विनोदिनीबाई तासगावच्या एसटीत टेकल्या, तोच मागच्या सीटवर एका जोडप्याचं सुरू झालं.

"आवं, दिसली का पाखरं?"

"कुठली दिसत्यात! गेटावरच अडवलं आमास्नी. गर्दी करू नगा म्हनलं, पाखरं बिथरत्यात."

"मग?"

"मग पावनं आलं. हलगी कडाडली, फटाक्यांची ही लांबलचक माळ लावली. आख्खं तळं उठून गेलं की गं!"

"अगं बया! मग पावन्यांनी काय बघितलं?"

"कावळं. दुर्बिणीतनं. जेवनाच्या पत्रावळ्यांवर आल्यालं."

"हलगी कुन्या शान्यानं सांगितली?"

"कोन चिटणीसबाई हायत म्हनं. हलगीबिगर उद्घाटन शोभत न्हाई म्हनल्या."

"आता पाखरं कवा येनार?"

"त्येच्यासाठनं आयतवारी फेरी काढत्यात. 'पाखरं वाचवा' म्हनून."

"हलगी लावून?"

"तर!"

विनोदिनीबाईंनी पदराआड फोन धरला आणि हलगीवाल्याला दबक्या आवाजात बजावलं, "रविवारी या वेळेवर. पण या खेपेला जरा हळू वाजवा."