सुनेचे आभार

वहीत आभार लिहायचं ते खूळ म्हणता ना, ते आमच्या कॅम्प पाच वस्तीतल्या घरात सुनेनं, सुनंदानं, कधीच आणलं होतं. तिच्या लग्नाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

"आई, दिवसभरात ज्यानं आपलं बरं केलं, त्याचे आभार. तुम्ही सांगा, मी लिहिते."

मला अक्षर येत नव्हतं, पण तोंड होतं. नळावर माझा हंडा पुढे सरकवणारी शेजारची सिंधीण झाली, दळण घरी पोचवणारा गिरणीवाला झाला. सुनंदा हौसेनं लिहायची.

एके दिवशी मी म्हटलं, "आज लिही, सुनंदानं माझे गुडघे चोळून दिले. तिचे आभार."

पेन थांबलं. पोरीचे डोळे भरले. "आभार परक्यांचे मानतात, आई. मी अजून पाहुणीच का?"

मी चपापले. चांगलं करायला गेले आणि पोरीला दाराबाहेर उभं केलं.

"बरं, खोड ते. लिही, आजची आमटी खारट होती."

ती डोळे पुसत उसळली, "खारट? दोनदा मागून घेतलीत की!"

म्हटलं, "मग तेही लिही."