संध्याकाळच्या वर्गाचा एक रुपया

आम्ही उमरेडचे कोष्टी. घरात दोन माग, एकावर बाबा, दुसऱ्यावर मोठे काका, अन् आई दिवसभर कांड्या भरे, हातात सूत अन् तोंडात आमचा उद्धार. मले शिकवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं, पण मीच भल्ली हट्टी. बी.ए. झाली तशी म्हटलं, दिवसा तुमच्या कांड्या भरीन, पण संध्याकाळी नागपूरले एम.ए.च्या वर्गाले जाईन. बाबा म्हणे जाय, पण शेवटची बस चुकली तं तिकडेच राहजो. असं म्हणे अन् रोज सायकल घेऊन स्टँडवर उभा राहे. काय सांगू तुम्हाला, बापाचं असंच असते.

विद्यापीठात तेव्हा अर्थशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग होता, नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी. आमचे देशकर सर शिकवत. सहाचा वर्ग, पण माझी बस कधी वेळेवर आली असेल तं शपथ. पहिल्या दिवशी धापा टाकत दारात पोहोचली, वाटलं आता हे हाकलते मले. तं फळा कोरा. सर पोरांशी गप्पा मारून राहिले. मले पाहून म्हणे, आली उमरेडची बस? चला, सुरू करू. मंग ते रोजचंच झालं. कोणी घाई केली की सर म्हणत, थांबा गा, उमरेडची बस यायची आहे. तेव्हापासून त्या वर्गाची रीतच पडली, शेवटच्या पोराची बस आल्याशिवाय फळ्यावर खडू लावायचा नाही.

पुढे मी त्याच विभागात लागली अन् सरांनंतर तो वर्ग माझ्याकडे आला. कोराडीच्या पॉवर हाऊसमधले ठेक्यावरचे कामगार येत, जरीपटक्याच्या कपड्याच्या दुकानातल्या पोरी येत. सरिता नावाची एक पोरगी कोराडीच्या कॉलनीत डबे करे. तिची ओढणी झटकली की पॉवर हाऊसची राख उडे. पण प्रश्न असे विचारे की मले घरी जाऊन वाचा लागे. हो, खरं सांगते, लाज कायची त्यात?

आता विद्यापीठाच्या बजेटचं ऐका. मास्तर रिटायर होते अन् खुर्ची तशीच रिकामी राहते, भरतच नाहीत. घड्याळी तासिकेवर शिकवणाऱ्या पोरांचं मानधन कधी निघन त्याचा नेम नाही. अन् दुसरीकडे गेटले ग्रॅनाइट लावून राहिले! काही म्हटलं की निधी नाही. मी चिडून सिनेटच्या निवडणुकीत उभी राहिली, शिक्षकांनी निवडूनही दिलं. पहिल्याच वर्षी बजेटचं जाडं पुस्तक हाती आलं, त्यात आपला वर्ग शोधला, तं पुढे लिहिलेलं, निरंक. म्हणजे पैसा शून्य, वर्ग बंद. विभागाले विचारलं नाही, मले विचारलं नाही. वित्त समितीचं म्हणणं, यंदा पोट्टे कमी आले, परवडत नाही. अगा, कोरोनानंतर लोकांच्या नोकऱ्याच गेल्या होत्या, येतील कुठून? पण येतील म्हटलं ना! माझ्या डोक्यात तं आगच गेली.

सिनेटमध्ये एक रीत आहे. बजेटवर नाराजी असली की एक रुपयाची कपात सूचना द्यायची. कुलगुरूंच्या अमुक खर्चातून एक रुपया कमी करा, असं. रुपयाशी मतलब नसते, त्या निमित्तानं बोलता येते. मंग कुलगुरू म्हणतात, आपल्या भावनेचा आदर आहे, तपासून पाहू. आपण म्हणायचं, आश्वासनानंतर सूचना मागे घेतो. बाकं वाजतात, मंग सगळे जेवायले जातात. दरसाल हेच. आश्वासन कुठं लिहिलं जात नाही, अन् जेवणाच्या पत्रावळीसोबत तेही कचऱ्यात.

मीही सूचना दिली. बाजूले बसणारे वैद्य सर, भल्ले सावध माणूस, म्हणे बोलून घ्या मॅडम, पण ताणू नका. मी बोलली. म्हटलं आमच्याकडे कापड विणून झालं तरी जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, फणीतून पूर्ण काढत नाहीत, थोडी टोकं ठेवतात अन् नवीन ताणा त्याले सांधतात. सगळंच कापून टाकलं तं पुन्हा एकेक धागा ओवत बसा. हा वर्ग तसा आहे, यंदा बंद केला तं पुन्हा सुरू होणार नाही. कोणाले काही समजलं नाही. एक जण तं जांभई देऊन राहिला. कुलगुरू म्हणे भावनेचा आदर आहे, तपासून पाहू. अन् सगळे माझ्याकडे पाहून राहिले, की ही आता मागे घेतो म्हणन अन् आपण जेवायले उठू.

मी म्हटलं, मागे घेत नाही.

बाप्पा! जेवायले उठू लागलेले पुन्हा खाली बसले. कुलगुरू म्हणे अनुमोदन कोणाचं? अनुमोदन नाही तं सूचनाच मेली. सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, माझं अनुमोदन. वैद्य सर! हात वर होता त्यांचा. मंग मागच्या बाकावरून आणखी हात वर आले. आता मतदान घ्या लागन, अन् सूचना जिंकली तं एका रुपयासाठी सगळं बजेट परत वित्त समितीकडे. वित्त अधिकारी कुलगुरूंच्या कानाशी वाकले, कुलगुरूंनी पाणी पिलं अन् म्हणे, वर्गाची तरतूद कायम ठेवू. मी म्हटलं इतिवृत्तात लिहा अन् वाचून दाखवा. लिहिलं, वाचलं, तेव्हा मी रुपया परत दिला. जेवण थंड झालं म्हणून लोक मले अजून टोमणे मारतात. मारू द्या.

आता मी रिटायर होऊन प्रताप नगरात राहते, मजेत आहे. ग्रॅनाइट तसंच चमकते, रिकाम्या खुर्च्या तशाच आहेत, सगळंच काही माझ्या हातून झालं नाही. पण वर्ग चालू आहे अन् सरिता शिकवते, तासिकेवरच, पण शिकवते. परवा म्हणे मॅडम, एक दिवस या न बोलायले. निघाली, तं बस रस्त्यातच खोळंबली. पोहोचली तेव्हा केव्हाचे सहा वाजून गेलेले. दारातून पाहिलं, पोरं बसलेली, फळा कोरा. एक पोट्टा म्हणून राहिला, सुरू करा न मॅडम, मले ड्युटी आहे. अन् सरिता म्हणे, थांब गा, प्रताप नगरची बस यायची आहे.

माझे डोळे भरून आले. मंग पदरानं पुसले अन् आत जाऊन आधी तिच्यावरच ओरडली, काहून थांबली वं, पोराले ड्युटी आहे न! अन् मागच्या बाकावर जाऊन बसली. सुखी राहा म्हटलं, बाई, घे खडू.